पन्नास गुणांची नदी

महाराष्ट्रातली बारावीची परीक्षा कित्येक वर्षे साडेसहाशे गुणांची होती. सहा विषयांचे सहाशे आणि पर्यावरण शिक्षणाचे पन्नास. पुढे त्या पन्नास गुणांच्या जागी श्रेणी आली, परीक्षा सहाशेवर उतरली, आणि २०१९ मध्ये अकरावीच्या, पाठोपाठ बारावीच्या पुस्तकावर 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हे भारदस्त नाव झळकू लागले. गुण गेले, नाव वाढले.

हा विषय शिकवायचा कोणी, हा प्रश्न अनेक कनिष्ठ महाविद्यालयांनी फार सोप्या रीतीने सोडवला. ज्याचा कार्यभार कमी भरतो त्याच्या माथी तो मारायचा. आणि कार्यभार कमी भरतो तो बहुधा भाषेच्या अध्यापकाचा. त्यामुळे मर्ढेकर शिकवावेत म्हणून एम. ए. झालेल्या आम्ही, मावळातल्या मराठीच्या चार-दोन अध्यापकांनी, वर्षानुवर्षे ओझोनचा थर शिकवला आणि पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या गठ्ठ्यांनी तपासल्या. हे रडगाणे म्हणून सांगत नाही. शिक्षणखात्याकडे पर्यावरणाचा हिशेब मागण्याचा आमचा अधिकार काय, असे कुणी विचारले तर आमच्याजवळ एवढेच आहे: त्या वह्यांवरची लाल शाई आमची आहे.

आमच्यापैकी एकाच्या कपाटात अशी एक वही चुकून राहून गेली. २००९ सालची, कामशेतच्या अलीकडे इंद्रायणीकाठच्या एका गावातल्या मुलीची. विषय 'इंद्रायणी नदीचे प्रदूषण'. पहिली सहा पाने कुठल्याशा मार्गदर्शकातून उतरवलेली आहेत: व्याख्या, कारणे, परिणाम, उपाय. सातव्या पानावर अक्षर घाईचे होते आणि मजकूर तिचा स्वतःचा सुरू होतो. आजीला विचारून तिने नदीतल्या माशांची नावे दोन रकान्यांत लिहिली आहेत. 'पूर्वी'च्या खाली मरळ, वाम, शिंगाळा, महाशीर. 'आता'च्या खाली एकच नाव, चिलापी, आणि त्याच्यापुढे कंसात 'खूप'. त्याखाली दोन ओळींत आईची धुण्याची जागा दोनदा बदलल्याची आणि कशामुळे बदलावी लागली याची नोंद. या पानावर आमच्या हस्ताक्षरातला शेरा असा आहे: 'चित्रे चिकटवावीत.' प्रकल्पाला वीसपैकी तेरा.

चिलापी हा आफ्रिकेतून इकडे आणलेला मासा. तो नद्यांत शिरला की स्थानिक माशांना जागा उरत नाही, आणि घाण पाण्यातही तो तग धरतो. म्हणजे त्या दोन रकान्यांत एका नदीचा पन्नास वर्षांचा इतिहास होता, तोही प्रत्यक्ष साक्षीदाराच्या तोंडचा. आम्ही त्यावर चित्रे मागितली. या शेऱ्याची लाज आम्हांला आहे, आणि ती खात्यावर ढकलून मोकळे होण्याचा आमचा विचार नाही. परंतु त्या वर्षीच्या उरलेल्या वह्या कुठे गेल्या? त्याआधीच्या आणि नंतरच्या? निकालानंतर काही काळ त्या एका खोलीत रचलेल्या असत, मग एक दिवस ती खोली रिकामी दिसे. त्यांचे वजन तेवढे रद्दीवाल्याला ठाऊक.

आता या वह्या मुळात मागवल्या कुणी, ते पाहू. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात चित्रपटगृहांत पर्यावरणविषयक स्लाइड दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने कार्यक्रम करावेत, इथपासून शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय असावा इथपर्यंत आदेश होते. स्लाइड गेल्या, आणि त्या दाखवणारी चित्रपटगृहेही बरीचशी गेली. विषय राहिला. पण बारा वर्षांनी, डिसेंबर २००३ मध्ये, न्यायालयाला पुन्हा विचारावे लागले की राज्यांनी केले काय. प्रतिज्ञापत्रे मागवावी लागली, नमुना अभ्यासक्रम तयार करण्याचे काम एनसीईआरटीकडे सोपवावे लागले. जुलै २००४ मध्ये तो अभ्यासक्रम न्यायालयाने राज्यांना लागू केला. एखाद्या देशातल्या सर्व शिक्षणखात्यांना पर्यावरणाच्या मुद्द्यावर न्यायालयात उभे राहून उत्तर द्यावे लागले, अशी ही घटना. तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही.

मात्र प्रतिज्ञापत्राचा स्वभावच असा, की त्यात 'आहे' किंवा 'नाही' एवढेच लिहिता येते. विषय आहे. पुस्तक आहे. तासिका आहेत. प्रकल्प आहे. न्यायालयाने विचारले त्याचे उत्तर झाले. त्या प्रकल्पात विद्यार्थ्याने काय पाहिले, आणि त्याने पाहिलेले पुढे कोणी वाचले का, हे प्रतिज्ञापत्रात मावत नाही; म्हणून ते खात्याच्या डोक्यातही मावले नाही.

यावर खात्याची बाजू घेणारे (आणि आमच्या स्टाफरूममध्ये ते पुष्कळ आहेत) लगेच म्हणतील, की नव्वद टक्के वह्या उतारा असतात. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात. असले कागद जपायचे कशाला? टक्केवारीबद्दल आम्ही वाद घालणार नाही. पण उतारा का होतो, हे तरी साहित्याच्या माणसांनी विचारावे! ज्या लेखनाला वाचकच नाही ते लेखन दुसरे काय होणार? सोळा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो, तुझ्या गावाबद्दल लिही. आणि त्याला पक्के ठाऊक असते, की हे कुणी वाचणार नाही, वाचलेच तर चित्रे मोजणार, आणि मार्चनंतर वहीसुद्धा उरणार नाही. अशा स्थितीत सहा पाने उतरवून सातव्या पानावर स्वतःचे लिहिणारी मुलगी निघाली, याचेच आश्चर्य वाटायला हवे.

बरे, या वह्यांना वाचक असावा ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी एनसीईआरटीने जे अभ्यासगट नेमले, त्यांतल्या 'परिसर आणि अध्ययन' या गटाचे अध्यक्ष माधव गाडगीळ होते. पुण्याचे, सह्याद्री पायी हिंडलेले शास्त्रज्ञ. त्या गटाच्या निबंधातली मध्यवर्ती सूचना अशी होती, की विद्यार्थ्यांचे पर्यावरण-प्रकल्प हे केवळ गुणांसाठी नसावेत. त्यांतून देशभरच्या परिसराची खरी माहिती गोळा व्हावी आणि ती सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी साठावी. म्हणजे नदी, ओढे, झाडे, विहिरी, पिके यांच्या नोंदी लाखो विद्यार्थी दरवर्षी करणार, आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी मागच्या वर्षीच्या नोंदीपासून सुरुवात करणार. पर्यावरण शिक्षणाचा याहून कमी खर्चाचा आणि याहून लोकशाही विचार आम्हांला तरी माहीत नाही. आपल्या राज्याने यातला 'प्रकल्प' हा शब्द घेतला. 'साठावी' हा शब्द राहून गेला.

त्याची किंमत पुढे दुसऱ्याच खात्याने मोजली. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही करायची होती. वर्षानुवर्षे ती झाली नाही. अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर महिन्याला दहा लाख रुपये दंडाची तंबी दिली. मग ग्रामपंचायतींची धावपळ झाली आणि 'लोकांच्या' नोंदवह्या ठिकठिकाणी बाहेरच्या संस्थांकडून घाईघाईने भरून घेतल्या गेल्या. त्याच गावांतल्या मुलांनी त्याआधी पंधरा वर्षे गावातल्या झाडांची, माशांची, पाखरांची नावे वह्यांत लिहून आपल्याला दिली होती. सरकारच्या एका हाताने ती रद्दीत घातली आणि दुसऱ्या हाताने तीच माहिती पैसे मोजून विकत घेतली.

लोणावळ्याचेच उदाहरण घेऊ. पर्यावरणाचे पाठ्यपुस्तक सिरोंच्यापासून सावंतवाडीपर्यंत एकच असते, आणि ते तसे असण्यात गैर काही नाही. पण म्हणूनच मावळच्या मुलाला मावळबद्दल लिहायला जागा एकच उरते, ती प्रकल्पाची. आणि लिहिण्यासारखे काय कमी आहे? लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो पडतो पूर्वेकडे उतरणाऱ्या खोऱ्यांत, म्हणजे निसर्गतः तो भीमेचा. पण वलवण, लोणावळा, शिरोता या टाटांच्या तलावांत तो अडतो, उलट वळतो आणि घाटाखाली खोपोलीला वीज करून पाताळगंगेकडे जातो. १९१५ पासून हे चालू आहे. आंदर मावळात ठोकळवाडीचे पाणी १९२२ पासून तसेच भिवपुरीला उतरते. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल गाड्या या पाण्यावर चालल्या. हे चूक की बरोबर, हे आम्ही इथे ठरवत नाही. परंतु ज्या मुलाच्या वस्तीवर एप्रिलमध्ये पाण्यासाठी पायपीट होते आणि ज्याला घरामागे भरलेला तलाव दिसतो, त्याला हा प्रश्न पडतो की नाही? पडला तर तो कोणत्या पानावर लिहावा? याच तालुक्यातल्या कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी देहूवरून आळंदीला पोहोचेपर्यंत फेसाळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात इंद्रायणीही आहे आणि पवनाही. आजीच्या यादीतला महाशीर १९७० च्या दशकापासून टाटांच्या वलवणच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवला जातो, हीदेखील त्या मुलीच्या गावापासून तासाभराच्या अंतरावरची गोष्ट. ती तिला सांगणारे कुणी नव्हते. आम्हांलाही ती त्या वेळी ठाऊक नव्हती.

डोंगर ओलांडला की मुळशी. टाटांच्या तिथल्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी सत्याग्रह केला. राजेंद्र व्होरा यांनी त्याचा अभ्यास करून त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले. त्याचे नेते पां. म. बापट त्यातूनच 'सेनापती' झाले. आज पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि सगळ्या महाराष्ट्राची पाठ्यपुस्तके जिथे तयार होतात ते बालभारतीचे कार्यालय त्याच रस्त्यावर आहे. योगायोगच; पण रोज त्या पाटीखालून जाणाऱ्यांना पर्यावरण म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या असे वाटत असेल, तर पाटी वाचायची राहिली आहे. सेनापती बापट आपल्याकडे इतिहासाच्या खात्यात जमा आहेत. पर्यावरणाच्या खात्यात त्यांचे नाव घालायला कुणाची हरकत असणार आहे?

खात्याला मोजणी येत नाही, असे मात्र कुणी समजू नये. २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी झाडे, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा, २०१९ ला तेहतीस कोटी. शाळा-शाळांतून खड्डे खणले गेले, छायाचित्रे पाठवली गेली. त्या लागवडीचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी २०२१ मध्ये विधिमंडळाची समिती नेमावी लागली. २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम'. पुन्हा खड्डा, पुन्हा छायाचित्र. डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेतून रोपासह मुलाचा फोटो त्याच दिवशी वर पोहोचतो. त्याच मुलाने लिहिलेली चार पाने मात्र तालुक्याच्या गावापर्यंतही पोहोचू शकत नाहीत. राष्ट्रीय हरित सेनेच्या शालेय मंडळांना केंद्राकडून वर्षाला अडीच हजार रुपये मिळत. त्यात एक लोखंडी कपाट आले असते.

आणि हे कमी म्हणून की काय, खात्याने मूल परिसरातून उचलण्याचेच ठरवले. तिसरी ते पाचवीच्या पुस्तकाचे नाव 'परिसर अभ्यास'. नाव सुंदर आहे. बालभारतीच्या उत्तम शब्दांपैकी ते एक. पण २०२३ मध्ये त्याच खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक, आणि नमुना म्हणून दाखवली गेली ती आपल्याच जिल्ह्यातली पानशेतची शाळा. वीसपेक्षा कमी पट कुठे असतो? ठाकरवाडीत, कातकरवाडीत, धनगरवाड्यावर. शिक्षण हक्काच्या कायद्याखाली प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. ते बाजूला ठेवू. ज्या मुलाला वाडीवरच्या दोनशे वनस्पती नावानिशी ओळखता येतात त्याला बसमध्ये बसवून दूर न्यायचे, आणि तिथे 'परिसर अभ्यास' शिकवायचा, यातला विनोद खात्याला दिसत नसेल तर तो भाषेच्या शिक्षकाने दाखवायचा असतो.

पण भाषेचे शिक्षक तरी काय करत होते? गो. नी. दांडेकर तळेगावात राहत. 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' या त्यांच्या दोन्ही कादंबऱ्या मावळातल्या, एक तुंगच्या परिसरातली, दुसरी राजमाचीवरची. आपण त्या 'प्रादेशिक कादंबरी' या मथळ्याखाली शिकवतो: निसर्गवर्णन, बोलीचा वापर, व्यक्तिचित्रण, प्रत्येकी पाच गुण. धोंडीच्या पवनेचे खोरे पुढे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तिथल्या धरणग्रस्तांच्या जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला, हे त्याच वर्गात सांगितले तर ते 'अभ्यासक्रमाबाहेरचे' होते. सकाळच्या तासाला धोंडी आणि दुपारच्या तासाला जलसुरक्षा, दोन्ही आम्हीच शिकवले, आणि दोन्हींत एकच नदी वाहते हे आम्ही मुलांना सांगितले नाही. खात्याला जाब विचारताना ही बाब लपवून चालणार नाही.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. 'तुमच्या परिसरातील एखाद्या पर्यावरणीय समस्येची माहिती संबंधितांकडून घ्या' असे प्रकल्पाच्या सूचनेत लिहिणे सोपे आहे. मावळात ते सोपे नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींच्या व्यवहारांची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात काढत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्या तिघांच्या नातेवाइकांपैकी कुणी पुढल्या वर्षी अकरावीत असेल, तर त्याच्या प्रकल्पाचा विषय काय असावा? 'ध्वनिप्रदूषण'? एकटे मूल अशा ठिकाणी प्रश्न विचारू शकत नाही. त्याच्या वहीमागे एखादी संस्था उभी असावी लागते, जी म्हणेल की ही नोंद आमच्या दप्तरात आहे, ती आता एका मुलाची राहिलेली नाही. शिक्षणखाते ती संस्था होऊ शकते. कायद्याने ती तशी असायलाच हवी, असे आम्ही मानतो.

बऊरला गोळीबार झाला त्याच दिवशी, ९ ऑगस्ट २०११ ला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणी निकाल दिला, की परीक्षार्थीची उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याच्या अर्थाने 'माहिती' आहे. पण त्याच निकालात एक मर्यादाही आहे: ती माहिती मिळणार, परीक्षा मंडळाने ती जितका काळ जपून ठेवायची आहे तितकाच काळ. सगळा प्रश्न तिथे येऊन थांबतो. वही किती दिवस ठेवायची, हे कोण ठरवते? महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५ चा आहे. सरकारी कचेरीत कागदांची 'अ, ब, क, ड' अशी वर्गवारी असते. 'अ' म्हणजे कायमचे, 'ड' म्हणजे वर्षभरात नष्ट करण्याजोगे. पर्यावरणाच्या प्रकल्पाला आता श्रेणीच द्यायची आहे, तर विद्यार्थ्याबरोबर वहीलाही द्या. आमची मागणी 'अ' ची आहे. सगळ्या वह्यांसाठी नव्हे. उतारे खुशाल जाऊ द्या. प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी ज्या पंचवीस-तीस वह्यांत गावाची स्वतःची नोंद सापडेल त्या निवडाव्यात, मुलाचे नाव झाकून त्यांची छायाप्रत तालुक्याच्या ग्रंथालयात आणि ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाची पहिली पायरी त्या वाचण्याची असावी. निवडण्याचे काम आम्ही करू. आम्हांला वाचता येते, असे आम्ही समजतो.

तोवर आम्ही राज्य मंडळाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज तयार केला आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. निबंधाला शब्दमर्यादा घालणाऱ्या आम्हांला त्याविषयी तक्रार करण्याचा हक्क नाही. मावळ तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांतले पर्यावरणाचे प्रकल्प किती काळ जतन करायचे याविषयीच्या आदेशाची प्रत. ते नष्ट करण्याची परवानगी देणाऱ्या आदेशाची प्रत. त्यांतले काही संकलित केले असल्यास त्याचा पत्ता. एवढेच विचारले आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. इतर तालुक्यांतल्या अध्यापकांनी तालुक्याचे नाव बदलून हाच मजकूर पाठवायला हरकत नाही. आणि कपाटात एखादी वही चुकून राहिली असेल तर आधी ती बाहेर काढून सातवे पान पाहावे.